देवळाची चावी

परवा गावाहून चुलतभावाचा फोन आला. आमच्या धर्मग्रामाची स्मरणिका निघतेय. त्यात आजोबांवर दोन पानं लिहून दे म्हणाला. "तू लिहितोस ना काहीबाही, मग हे पण लिही," असं त्याचं म्हणणं. मी हो म्हटलं आणि जुनी स्मरणिका चाळायला म्हणून कपाटातून काढली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची असेल. आत पहिल्यापासूनच्या प्रमुख धर्मगुरूंची यादी, प्रत्येकाच्या नावापुढे आल्या-गेल्याची सालं. मग देवळाचं बांधकाम, डागडुजी, नवी फरशी, नवं छप्पर. आणि शेवटच्या पानावर आभारात एक ओळ : 'सॅक्रिस्टन, गायकवृंद आणि इतर अनेकांनी निष्ठेने सेवा केली.'

ती ओळ म्हणजे आमचे आजोबा. साठ वर्षं!

राग आला असं नाही. पण मग बसलो लिहायला, आणि दोन पानांत मावेना. शिवाय जे लिहिलं ते सगळं स्मरणिकेत छापण्यासारखंही नव्हतं. तेव्हा तिथे द्यायची दोन पानं वेगळी दिली आणि हे इथे लिहितोय. माझ्या भावंडांसाठी, आणि तुम्ही नेहमी वाचणारे आहातच, तुमच्यासाठी.

आधी थोडी ओळख करून देतो. वसईचे ख्रिस्ती म्हटलं की उर्वरित महाराष्ट्राला फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतात. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, हरित वसईच्या आंदोलनातले फादर, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. त्यांच्यामुळे निदान एवढं तरी झालं की 'तुम्ही ख्रिश्चन, मग घरी मराठी कसे बोलता?' हा प्रश्न जरा कमी झाला. मला पुण्यात नोकरीला लागल्यावर तो आठवड्यातून दोनदा ऐकावा लागायचा. तर आम्ही घरी मराठीच बोलतो, म्हणजे आमची बोली बोलतो. चर्चला आम्ही देऊळ म्हणतो. उपवासाच्या दिवसांत उपवास करतो, झावळ्यांच्या रविवारी झावळ्या घेऊन मिरवणूक काढतो. आमची पानवेलीची आणि केळीची वाडी होती, वाडीत बावखल होतं, आणि बावखलावर रहाट.

गावाचं नाव मी लिहीत नाही. आजोबांचंही नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊकच आहे, आणि आजोबांना आपलं नाव कुठे लिहिलेलं आवडायचं नाही. कारण पुढे येईलच.

आता सॅक्रिस्टन म्हणजे कोण, ते सांगतो. देवळात वेदीच्या मागे किंवा बाजूला एक खोली असते, तिला सॅक्रिस्टी म्हणतात. फादर मिस्सेची वस्त्रं तिथे चढवतात. कालिस, मेणबत्त्या, धूपदाणी, द्राक्षरस, ओस्ती सगळं तिथे असतं. ती खोली ज्याच्या ताब्यात तो सॅक्रिस्टन. पण आमच्याकडे हे काम तेवढ्यावर कधीच थांबलं नाही. पहाटे देऊळ उघडायचं, दिवसातून तीनदा घंटा वाजवायची, वेदीपुढचा अखंड दिवा विझू द्यायचा नाही. वेदीसेवक मुलांना शिकवायचं. कुणी मेलं की मृत्यूची घंटा द्यायची आणि दफनभूमीत जागा दाखवायची. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या वह्या कपाटात कुठे आहेत ते लक्षात ठेवायचं. राखेच्या बुधवारसाठी आदल्या वर्षीच्या झावळ्या जपून ठेवायच्या आणि जाळून राख करायची. राख चाळणीतून दोनदा गाळायची, नाहीतर कपाळाला टोचते. हे शेवटचं वाक्य आजोबांचं.

त्यांच्याकडे हे काम कसं आलं? १९३६ साली विरारपर्यंत विजेची गाडी आली. त्याच्या पुढेमागे आमच्या गावातली बरीच तरुण मुलं मुंबईला कामाला जाऊ लागली. आधीचे सॅक्रिस्टन म्हातारे झाले होते, त्यांचा मुलगाही मुंबईला गेला. तेव्हाच्या फादरांनी रविवारी मिस्सा संपल्यावर आजोबांना थांबवलं आणि हातात चावी दिली. "दुसरा माणूस मिळेपर्यंत," असं म्हणाले. आजोबा तेव्हा जेमतेम विशीतले. तो दुसरा माणूस काही मिळाला नाही.

मराठीत पोर्तुगीजांनी ठेवून गेलेले बरेच शब्द आहेत. पाद्री, क्रूस, नाताळ हे तर उघडच. पण 'चावी' हाही पोर्तुगीज शब्द आणि 'पगार' हाही. आजोबांना त्यातला पहिला मिळाला. दुसऱ्याबद्दल आजी म्हणायची, "तो बोटीत राहिला असेल." नाताळला एक धोतर, सणाला थोडे पैसे, बस. घर वाडीवर चालायचं, आणि वाडी आजीवर.

आता जरा मागे जाऊन मोठा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय माझं म्हणणं पोचणार नाही.

वसई १५३४ मध्ये तहाने पोर्तुगीजांकडे आली. पुढची दोनशे वर्षं किल्ल्यात आणि आसपासच्या गावांत चर्च उभी राहिली, फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, सगळे पंथ आले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. हे आपण शाळेत शिकलो, मीही शिकलो आणि परीक्षेत अभिमानाने लिहिलं. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झालं, हे पुस्तकात नसतं. युरोपीय पाद्री निघून गेले. गोव्याचे देशी धर्मगुरू होते, पण थोडे, आणि गावं खूप. पुढे अधिकाराचे वाद सुरू झाले, पोर्तुगालच्या राजाचा हक्क मोठा की रोमचा. मुंबईच्या परिसरातल्या ख्रिस्ती गावांत हा वाद एकोणिसाव्या शतकभर धुमसत राहिला. १८८६ मध्ये दमणचा धर्मप्रांत झाला, आम्ही त्यात गेलो. १९२८ मध्ये तो मोडला, आम्ही मुंबईच्या महाधर्मप्रांतात आलो. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

एवढ्या उलथापालथीत गावातली श्रद्धा कुणी टिकवली? धर्मगुरू सहा महिन्यांतून एकदा येत असेल, तर मधल्या काळात संध्याकाळी रोजरी कोण म्हणत होतं? मरणाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना कोण करत होतं? मुलाला क्रूसाची खूण करायला कोण शिकवत होतं? या प्रश्नांना नावानिशी उत्तर नाही. पण चावी कुणाकडे तरी होतीच ना? देऊळ पहाटे उघडत होतं म्हणजे कुणीतरी उठत होतं.

आमचा संत गोन्सालो गार्सिया घ्या. वसईत जन्मला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारला गेला, १८६२ मध्ये संत झाला. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून आम्ही मिरवतो. पण तोसुद्धा धर्मगुरू नव्हता. तो फ्रान्सिस्कनांचा ब्रदर होता, म्हणजे मिस्सा करायचा त्याला अधिकार नव्हता. दुभाष्याचं काम करायचा, इतरांच्या बरोबर असायचा. आजोबांना तो संत फार प्रिय. "आपल्यातला आहे. मागे उभा राहणारा," म्हणायचे.

वसईच्या घंटांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. किल्ला पडल्यावर चर्चच्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देशावरच्या देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. मी पुण्यात असताना नव्वदच्या दशकात एकदा आजोबा आमच्याकडे आले होते. त्यांना घेऊन मेणवलीला गेलो. (२००४ साली 'स्वदेस' सिनेमा आला तेव्हा तोच घाट पडद्यावर पाहून मी थिएटरात उगाच उठून बसलो होतो.) नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, आणि घाटावर त्या छोट्याशा मंडपात टांगलेली घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे.

मला वाटलं होतं आजोबांना वाईट वाटेल. ते खाली उभे राहून बराच वेळ वर बघत राहिले. टोपी काढली. मग बोटाच्या पेराने कडेला टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "धातू चांगला आहे. वाजवतात ना रे रोज?" तिथे बसलेल्या गुरवाला त्यांनी स्वतःच विचारलं. त्याने काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही, पण मग दोघं घंटेचा लोळा कसा झिजतो यावर अर्धा तास बोलत बसले. मी घाटावर एकटा. परतताना गाडीत म्हणाले, "घंटेला काय, कुणीतरी हात लावला म्हणजे झालं."

आता त्यांच्या कामात काय काय बदललं ते बघा. त्यांनी सुरुवात केली तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये. फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ. लोक मागे बसून आपली आपली रोजरी म्हणायचे, मराठीत. लॅटिन उत्तरं द्यायची वेदीसेवकांनी. आजोबांना लॅटिन येत नव्हतं, पण सगळं तोंडपाठ होतं आणि त्यांनी ते तीस वर्षं गावातल्या मुलांकडून घोटून घेतलं. क्रेडो, पातेर नोस्तेर, मृतांच्या मिस्सेतलं दिएस इरे. उच्चार चुकला की कान पिळायचे. काय चुकलं हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं, पण चाल चुकलेली कळायची!

मग दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेवरचा दस्तऐवज आला आणि पुढच्या पाचसहा वर्षांत हळूहळू सगळं पालटलं. मिस्सा मराठीत आली, वेदी पुढे आली, फादर लोकांकडे वळले. मधेच १९६४ मध्ये मुंबईला ओव्हल मैदानावर मोठी ख्रिस्ती परिषद भरली आणि पोप सहावे पॉल आले. पोपने भारतात पाय ठेवण्याची ती पहिलीच वेळ. आजोबा पहाटेच्या गाडीने गेले, गर्दीत लांबून एक पांढरा ठिपका दिसला, संध्याकाळच्या घंटेला परत आले. "पोप बघितला, पण घंटा चुकली नाही," हे ते आयुष्यभर सांगायचे.

लॅटिन गेल्याचं दुःख झालं का, असं मी त्यांना कॉलेजात असताना विचारलं होतं. माझी अपेक्षा होती की म्हणतील, जुनं ते सोनं. ते म्हणाले, "पहिल्यांदा मराठीत ऐकलं ना, तेव्हा मला कळलं की मी तीस वर्षं हे म्हणत होतो होय! बरं निघालं. मला भीती होती, काय असेल नि काय नाही." आणि पोट धरून हसले. पण अंत्यविधीतलं दिएस इरे गेलं ते मात्र त्यांना रुचलं नाही. काळी वस्त्रंही मागे पडली, जांभळी आणि पांढरी आली. ती जुनी काळी वस्त्रं त्यांनी कडुलिंबाचा पाला घालून खणात जपून ठेवली होती. आणि कुणाचं प्रेत देवळात आलं की सॅक्रिस्टीच्या दारात उभं राहून ओठांतल्या ओठांत जुनं दिएस इरे पूर्ण म्हणायचे. फादरांना ठाऊक होतं. कुणीच काही म्हणालं नाही.

वह्यांचंही सांगायला हवं. सोळाव्या शतकातल्या त्रेंतच्या परिषदेने प्रत्येक धर्मग्रामाला बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंद सक्तीची केली. आमच्याकडे जुन्या वह्या आधी पोर्तुगीजमध्ये, मग इंग्रजीत. पासपोर्ट काढायचा, पेन्शन घ्यायची, जमिनीची वाटणी करायची, की लोक बाप्तिस्म्याचा दाखला मागायला यायचे. आता आमच्यात आडनावं मोजकी. लोपीस, डाबरे, तुस्कानो, मच्याडो, आणि नावंही तीच तीच. एका नावाची पाच माणसं. फादर नवे, त्यांना कसं कळणार कोण कुठला? आजोबा विचारायचे, "कुठली आळी? आईचं माहेर कुठलं? त्या वर्षी पाऊस कसा होता?" आणि तिसऱ्या वहीच्या मधल्या पानावर बोट ठेवायचे. फादर पाच-सहा वर्षांनी बदलायचे. आजोबा होते म्हणून गावाला आठवण होती, असं म्हटलं तर फार चूक ठरणार नाही.

इथवर मी लिहिलं आणि पप्पांना फोनवर वाचून दाखवलं. पप्पा आता सत्त्याऐंशीचे आहेत. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण अर्धंच आहे. लिहायचं तर सगळं लिही."

मला ठाऊक होतं ते कशाबद्दल बोलतायत.

पप्पांना एक धाकटी बहीण होती. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, पप्पा सहा-सात वर्षांचे, ती तीन. तापाने आजारी पडली. तो पवित्र आठवडा होता. सॅक्रिस्टनसाठी वर्षातला सगळ्यात कामाचा आठवडा. आजोबा गुरुवारी पहाटे गेले ते रात्री उशिरा आले, शुक्रवारी उजाडताच पुन्हा गेले. गुड फ्रायडेच्या दुपारी देवळात क्रूसाची उपासना चालू होती आणि घरी आजीच्या मांडीवर ती मुलगी गेली. पप्पा पळत देवळात गेले. सॅक्रिस्टीच्या दारात उभे राहिले. आजोबांच्या हातात जळती मेणबत्ती होती. पप्पांनी सांगितलं. आजोबांनी मेणबत्ती दुसऱ्या मुलाच्या हातात दिली आणि घरी आले.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर कॅथलिक देवळात घंटा वाजत नाही. येशूच्या मरणाचं मौन असतं. घंटेऐवजी लाकडी फळी खडखडवतात. ते मौन पुन्हा ग्लोरिया होईपर्यंत. आमच्याकडे कुणी मेलं की घंटा व्हायची. पुरुषासाठी टोलांची रीत वेगळी, बाईसाठी वेगळी, लहान मुलासाठी तिसरीच, हलकी, लग्नातल्यासारखी. कारण बाप्तिस्मा झालेलं लहान मूल थेट देवाकडे जातं, त्यासाठी शोक करायचा नसतो, असं मानायचे. गावातल्या प्रत्येक मेलेल्या मुलासाठी आजोबांनी ती घंटा वाजवली होती. त्या काळात अशी मुलं किती असायची ते वेगळं सांगायला नको.

आजी म्हणाली, "एक टोल द्या. एकच."

आजोबांनी दिला नाही.

मुलीला त्याच संध्याकाळी पुरलं. मिस्सा नाही, घंटा नाही. लाकडी फळीसुद्धा नाही. पप्पा सांगतात, रस्त्याने नुसता चपलांचा आवाज येत होता.

त्या काळी पुनरुत्थानाची उपासना शनिवारी रात्री नव्हे, सकाळी व्हायची. रात्रीची पद्धत पोप बारावे पायस यांच्या सुधारणेनंतर, म्हणजे १९५६ पासून सगळीकडे आली. तर दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, ग्लोरिया सुरू झाला आणि आजोबांनी दोर ओढला. नेहमी ग्लोरिया संपला की घंटा थांबायची. त्या दिवशी थांबली नाही. गाणं संपलं, फादर वेदीवर थांबून राहिले, लोक एकमेकांकडे बघू लागले. मग लोकांच्या लक्षात आलं. मोठ्या घंटेचा आवाज कधीच थांबला होता, आता धाकटी वाजत होती. हलकी, लहान मुलाची. फादर काहीच बोलले नाहीत. ती थांबल्यावर पुढे सुरुवात केली.

आजी त्या दिवशी घरी होती. वाडीत केळीला पाणी देत होती. तिने ऐकलं. पण पप्पांच्या म्हणण्याप्रमाणे तिने त्याबद्दल पुढे कधी चकार शब्द काढला नाही, आजोबांशीही नाही. ती रविवारी मिस्सेला जायची, पण गुड फ्रायडेला देवळात गेलेली कुणी पाहिली नाही. वाडीत काम काढायची. सगळं गाव काळ्या कपड्यांत देवळात, आणि आजी बावखलाच्या काठाला.

"एक दिवस उशिरा वाजवलेली घंटा वाजवलेली धरायची की नाही, ते तू ठरव," पप्पा म्हणाले. "मला ऐंशी वर्षं झाली, ठरलं नाही."

मलाही ठरवता येत नाही. कधी वाटतं, ज्याच्या हातात दोर आहे त्याने स्वतःच्या घरासाठी नियम मोडला नाही, म्हणूनच गावाने त्याच्यावर साठ वर्षं चावी टाकली. कधी वाटतं, एका टोलाने काय बिघडलं असतं? देवाने कान बंद केले असते का? स्मरणिकेत आपण 'निःस्वार्थ सेवा' लिहितो. पण स्वार्थ सोडणारा एकटा थोडाच असतो? त्याच्या घरातली माणसंही आपोआप सोडत असतात, त्यांना कुणी विचारत नाही. साठ नाताळ आजी मध्यरात्रीनंतर एकटी जेवली. चार मुलांपैकी एकाच्याही शाळेच्या कार्यक्रमाला आजोबा गेले नाहीत. रहाट तिने हाकला, पानवेली तिने बांधल्या, दिव्याचं खोबरेल आमच्या वाडीतल्या नारळांचं होतं. तेव्हा साठ वर्षांची सेवा एकट्याची नव्हे, दोघांची धरायला हवी. तिचं नाव तर 'इतर अनेकांनी' मध्येसुद्धा बसत नाही.

हे आजोबांना कळत होतं असं मला वाटतं. एकदा धर्मग्रामाने त्यांचा सत्कार ठरवला, शाल-श्रीफळ वगैरे. ते गेलेच नाहीत. फार आग्रह झाला तेव्हा म्हणाले, "नाव लावायचं तर घरी जाऊन तिला विचारा." कुणी विचारायला आलं नाही. कशाला येतील, त्यांना काय कळणार?

१९९८ च्या मे महिन्यात वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. थॉमस डाबरे पहिले बिशप, आपल्या वसईचेच. आजोबांनी त्याआधी दोनेक वर्षं चावी सोडली होती. गुडघे गेले होते, मनोऱ्याच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. तरी दिवसातून तीनदा घंटेच्या वेळी हात उचलला जायचा. आजी आधीच गेली होती. तिच्या मृत्यूची घंटा त्यांनीच दिली होती, हट्टाने, कुणाला हात लावू न देता. पप्पा सांगतात, बाईसाठीचे टोल दिले आणि मग, थोडं थांबून, लहान मुलाची हलकी घंटा दिली. गावाला वाटलं म्हातारा चुकला.

त्याच पावसाळ्यात आजोबा गेले. नवा सॅक्रिस्टन मुलगा चांगला होता, पण पप्पा त्याला म्हणाले, दोर माझ्याकडे दे. पप्पा आयुष्यात कधी त्या मनोऱ्यात चढले नव्हते. मुद्दामच चढले नव्हते. साठीचा माणूस, पावसात निसरडं झालेलं. मी खाली उभा होतो. टोल एकसारखे पडले नाहीत, मधेच दोर निसटला असावा. पण मोजून सगळे पडले.

आमच्या दफनभूमीत कायमच्या कबरी थोड्या. जागा कमी, माणसं जास्त. काही वर्षांनी अस्थी बाजूला काढून जागा पुन्हा वापरतात. आजोबांनीच कित्येकांना ती दाखवली होती आणि रडणाऱ्यांना समजावलंही होतं, "तोही कुणाच्या तरी जागेतच झोपलाय ना?" गावाने त्यांना कायमची जागा देऊ केली होती. त्यांनी जिवंतपणीच नको म्हणून सांगून ठेवलं होतं. आज त्यांच्या जागेत दुसरंच कुणीतरी आहे. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही मेणबत्ती लावायला जातो तेव्हा नक्की कुठे लावायची यावरून भावंडांत दरवर्षी वाद होतो. मग क्रूसाजवळ एक लावतो.

गेल्या वर्षीपासून पप्पा दोन लावतात. दुसरी छोटी.

चुलतभावाला मी काल फोन केला. म्हटलं, ती दोन पानं छाप, पण त्यात एक बदल कर. आजोबांचं नाव काढ आणि आभारात जिथे 'सॅक्रिस्टन' लिहाल तिथे 'सॅक्रिस्टन आणि त्यांची घरची माणसं' असं लिहा. आधीचेही, नंतरचेही. तो म्हणाला, कमिटीला विचारतो.

बघू काय म्हणतात ते.